चेंडूविना सामना

एकदा एक अफवा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका शहरात आली आणि बास्केटबॉलच्या मैदानालगतच्या दगडी पायऱ्यांवर तिने मुक्काम ठोकला. ती कुठून आली हे कोणी विचारले नाही. अफवेला तिचा उगम विचारण्याची प्रथा त्या शहरात नव्हती. बहुधा कोणत्याच शहरात नसते.

अफवा अशी होती: शहराच्या महिला संघाची सर्वोत्तम खेळाडू वैजयंती ही बंदरावरच्या संघाला दिली जाणार आणि तिच्या बदल्यात तिकडच्या दोन उंच मुली येणार. त्या प्रदेशातील शहरांची एक साखळी स्पर्धा होती व तिच्या नियमांनुसार हंगामाच्या मध्यावर संघांना खेळाडूंची अदलाबदल करता येत असे. त्यासाठी दोन सह्या पुरत: क्रीडामंडळाच्या अध्यक्षांची आणि प्रशिक्षकाची. ज्या खेळाडूची अदलाबदल व्हायची, तिची सही लागत नसे. नियम करणाऱ्यांना तशी आवश्यकता भासली नव्हती आणि पायऱ्यांवर बसणाऱ्यांपैकी एकालाही ही गोष्ट आजवर खटकली नव्हती.

यंदाची मुदत रविवारच्या सूर्यास्तापर्यंत होती. त्यामुळे त्या आठवड्यात पायऱ्यांवर बसायला जागा मिळेना.

“देऊन टाका म्हणतो मी,” औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले. “तिचा गुडघा गेलाय. अजून भाव आहे तोवर दिलेली बरी.”

“तुम्ही तपासलात गुडघा?” निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारले.

“तपासायला कशाला हवा? गेल्याच महिन्यात तिची आई माझ्याकडून गुडघ्याचा पट्टा घेऊन गेली.”

“अहो, तो आईच्याच गुडघ्याला असेल!”

“आई कुठे बास्केटबॉल खेळते?”

“जिना तर चढते ना!”

पायऱ्या हसल्या. पोस्टमास्तर मात्र हसले नाहीत. ते वैजयंतीच्या बाजूचे होते आणि ती बाजू त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत लढवली होती. “वैजू आपली आहे,” ते म्हणाले. “आपल्या डोळ्यांदेखत वाढलीय. तिला कोण नेतो तेच बघतो. फाटकात आडवा पडेन मी.”

“पडा, पण उठवायला आम्हाला बोलवू नका.”

या सर्व चर्चेच्या मधोमध, वरून तिसऱ्या पायरीवर, शहरातील भांड्यांचे एक मोठे व्यापारी शांतपणे बसत. क्रीडामंडळाचे अध्यक्ष तेच होते. ते दोन्ही पक्षांचे म्हणणे सारख्याच आदराने ऐकत आणि शेवटी सांगत, “लोकांचं जे मत, तेच माझं मत. फक्त ते एकदा ठरू दे.” दुकानात गिऱ्हाईक दोन पातेली वाजवून पाहत असताना ते ज्या धीराने उभे राहत, तोच धीर त्यांनी येथेही धरला होता.

वैजयंती सरावाला आली की पायऱ्यांवर क्षणभर शांतता पसरे. मग कोणीतरी म्हणे, “काय वैजूताई, बॅगा भरल्या का?” ती उत्तर देत नसे. मात्र शुक्रवारी सराव संपल्यावर ती थेट आपल्या वृद्ध प्रशिक्षकांसमोर जाऊन उभी राहिली. त्या मैदानावर कित्येक आयांना आणि नंतर त्यांच्या मुलींनाही शिकवलेला हा माणूस मितभाषी म्हणून ओळखला जाई, आणि म्हणूनच कदाचित तो बोलला की लोक ते लक्षात ठेवत.

“सर, तुम्ही सही करणार आहात का?” तिने विचारले.

“तुला जायचंय?”

“नाही. आपल्या मुली आत्ता कुठे एकमेकींकडे न बघता पास द्यायला लागल्यात. हे अर्ध्यावर टाकून मला जायचं नाही.” तिने पायऱ्यांकडे बोट दाखवले. “पण सर, तुम्ही हे मला विचारलंत. त्या पायऱ्यांवरच्या एकानंसुद्धा नाही विचारलं. माझा गुडघा, माझं वय, माझी उंची, सगळ्यावर बोलून झालं. बाजारात म्हशीचे दात बघतात ना, तसं.”

वृद्ध प्रशिक्षक विचारात पडले. मग म्हणाले, “रविवारी आपसात एक सामना खेळू. सगळ्यांना बोलव.”

“बोलवायला कशाला हवं? ते तिथेच असतात.”

रविवारी दुपारपासूनच पायऱ्या भरल्या. व्यापारी अदलाबदलीचा कागद घेऊन आले होते. नावाची जागा तेवढी कोरी होती. दोन्ही बाजूंच्या मुली कोर्टवर उतरल्या. तेव्हा प्रशिक्षकांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. मैदानावरचे सगळे चेंडू त्यांनी जाळीच्या पिशवीत भरले, पिशवी सामानाच्या खोलीत ठेवली, खोलीला कुलूप घातले आणि कोर्टच्या मध्यावर येऊन शिट्टी वाजवली.

“खेळा.”

“चेंडू, सर?” एका मुलीने विचारले.

“चेंडूशिवाय.”

पायऱ्यांवरून पहिला आवाज आला तो औषधवाल्यांचा. “सर, चेंडूपण अदलाबदलीत गेला का?” त्यापुढचे काही ऐकू आले नाही, इतका हशा पिकला.

मुली आरंभी संकोचल्या. हवेतला हात हवेतच राहत होता. मग वैजयंती “आत!” असे ओरडून बास्केटच्या दिशेने धावली, तिच्यामागे तिला अडवणारी धावली, आणि बघता बघता दहाही जणी खेळू लागल्या. प्रेक्षकांची मात्र पंचाईत झाली. चेंडूमागे फिरण्याची सवय असलेल्या नजरा प्रथम सैरभैर झाल्या. कोठे पाहावे हे त्यांना उमगेना. हळूहळू, दुसरे काही उरले नाही म्हणून, त्या माणसांवर स्थिरावल्या.

आणि लोकांना पूर्वी न दिसलेले दिसू लागले. वैजयंती प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहत होती, जेणेकरून संघातील सर्वांत लहान मुलीला मोकळी वाट मिळावी. खेळाडू याला स्क्रीन म्हणतात; यात धक्का स्वतःला बसतो आणि गुण दुसरीच्या नावावर लागतो. लगेच ती सगळ्यांच्या आधी मागे पळत होती, पळतानाच हाताने एकीला तिची जागा दाखवत होती. ज्या गुडघ्यावर आठवडाभर व्याख्याने झाली होती, तो वाकत होता आणि सरळ होत होता. औषधवाले पुढे वाकून पाहू लागले. कोणीतरी हळूच म्हणाले, “ही रोज एवढं धावते?” “रोजच धावत असणार,” पोस्टमास्तर म्हणाले, परंतु त्यांचाही स्वर ते प्रथमच पाहत असल्याचा होता.

दरम्यान सहा क्रमांकाची केशर नावाची मुलगी एका वळणावर उलट्या बाजूला गेली, आपल्याच सहकारिणीवर आदळली आणि दोघी पडल्या. पायऱ्या पोटभर हसल्या.

शिट्टी वाजली. प्रशिक्षक पायऱ्यांसमोर येऊन उभे राहिले.

“तुम्ही चेंडूकडे पाहता,” ते म्हणाले, “आणि समजता की खेळ पाहिला. प्रत्येक खेळाडूच्या हातात चेंडू थोडाच वेळ असतो. उरलेला सगळा वेळ ती काय करते, यावर संघ उभा असतो. अफवाही चेंडूसारखीच असते. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, सगळ्यांच्या माना तिच्यामागे वळतात, आणि ज्या माणसाविषयी ती असते, ते माणूस कोणालाच दिसत नाही. आज मी चेंडू काढून घेतला, तेव्हा कुठे तुम्हाला माणूस दिसलं.”

दृष्टांतकथा बहुधा इथे संपतात. श्रोते माना डोलावतात आणि वृद्धाच्या शहाणपणाला मनोमन वंदन करून घरी जातात. येथेही माना डोलल्या. औषधवाले उठून उभे राहिले व मोकळ्या मनाने म्हणाले, “सर, चुकलो. या मुलीला देणं म्हणजे खुळेपणा. डोळे उघडले आमचे.”

“उघडले!” पायऱ्या म्हणाल्या.

“मग असं करू,” औषधवाले तितक्याच उत्साहाने पुढे म्हणाले, “त्या सहा नंबरला देऊन टाकू. काय ते धावणं! चेंडू नसताना तर ती उघडीच पडली.”

“बरोबर!” “सहा नंबर!” “दोन उंच नाही तर एक तरी येईल की!”

इतक्या दिवसांत प्रथमच पायऱ्यांचे एकमत झाले होते. व्यापाऱ्यांनी समाधानाने कागद मांडीवर पसरला आणि खिशातून पेन काढले. केशर अजून कोर्टवरच बसली होती. तिने वर पाहिले नाही.

“शेठ, पेन खाली ठेवा,” वैजयंती म्हणाली.

“अगं, तुझं नाव नाही लिहीत,” व्यापारी हसून म्हणाले. “तू राहिलीस. ठरवलं आम्ही.”

“तेच म्हणतेय. तुम्ही ठरवलंत.” मग ती पायऱ्यांकडे पाठ करून प्रशिक्षकांकडे वळली. “सर, एक विचारू? मी आज चेंडूशिवाय नुसती उभी राहिले असते, तर तुम्ही सही केली असती?”

वृद्धांनी हातातली शिट्टी खिशात घातली.

“तुम्ही त्यांना बघायला शिकवलंत. चांगलं शिकवलंत, मलाही आवडलं. पण त्यांनी तुमच्याकडून मोजायचं नवं माप तेवढं उचललं. काल ते मला चेंडूवरून मोजत होते, आज चेंडूशिवाय मोजलं. मी तागडीतच आहे, सर. आज तुम्ही बसवलंत.”

“वैजू, सरांशी बोलतेयस तू,” पोस्टमास्तरांनी दटावले.

“माहितीय, काका. म्हणूनच तोंडावर बोलतेय.” तिचा आवाज चढला नव्हता, पण थांबणाराही नव्हता. “केशर चुकली. उलट्या बाजूला गेली. उद्या तिला शिकवू, सराव त्यासाठीच असतो. पण ती चुकली म्हणून तिला देऊन टाकायचं, आणि मी चुकले नाही म्हणून मला ठेवायचं, हा एकच नियम आहे. त्या नियमानं मिळणारी जागा मला नको.”

“अगं, किती प्रेम करतो आम्ही तुझ्यावर!” पोस्टमास्तर म्हणाले.

“करता. खेळताना ते ऐकू येतं आणि पायात बळ येतं, खोटं कशाला बोलू? पण काका, तुम्ही माझ्यासाठी फाटकात आडवे पडणार होतात, आणि मला जायचंय की राहायचंय हे विचारायला चार पायऱ्या उतरला नाहीत.” तिने सर्वांवरून नजर फिरवली. “बरं, बंदरावरच्या त्या दोघी. त्यांना इकडे यायचंय का? त्यांची नावं तरी कोणाला माहीत आहेत?”

पायऱ्यांवर लोक एकमेकांकडे पाहू लागले. आठवडाभर त्या दोघींची उंची इंचासकट चर्चिली गेली होती. नाव कोणालाही सांगता आले नाही.

“शेठ, केशरचं नाव लिहायचं असेल तर आधी माझं लिहा. मग बाकीच्यांची. आणि मग त्या दोन उंच मुलींना घ्या आणि खेळा तुम्ही सगळे. पाहुण्या आहेत, पास जरा हळू द्या.”

कोर्टवर उभ्या असलेल्या मुलींपैकी एक खुदकन हसली आणि येऊन वैजयंतीच्या शेजारी उभी राहिली. मग दुसरी आली. काही वेळाने कोर्टच्या दुसऱ्या बाजूला कोणीच उरले नाही. केशर तेवढी अजून खाली बसली होती.

वृद्ध प्रशिक्षक तिच्याकडे गेले. त्यांना खाली बसायला वेळ लागला, परंतु ते बसले.

“केशर, तुला जायचंय का?”

“नाही, सर,” ती म्हणाली. हा प्रश्न तिला आयुष्यात प्रथमच कोणी विचारला होता, आणि उत्तर तिच्यापाशी तयार होते.

ते उठले आणि व्यापाऱ्यांसमोर आले. “शेठ, माझी सही मिळणार नाही. आज नाही आणि पुढच्या हंगामातही नाही. खेळाडू स्वतः येऊन मागेल तेव्हाच, आणि तेव्हा ती हरकत न घेता मिळेल.”

“लोकांच्या विरोधात जाताय तुम्ही.”

“हो.”

“आणि संघ हरला तर?”

“हरेल. खेळात हरतात, शेठ.”

पायऱ्यांवरून शिट्ट्या झाल्या. कोणीतरी “म्हातारा पोरींना घाबरला!” असे ओरडले. त्या मैदानावर या माणसाची हुर्यो यापूर्वी कधी उडवली गेली नव्हती. ते ती ऐकत उभे राहिले. खाली पाहिले नाही की समजावून सांगण्यासाठी हात वर केला नाही. समजावून सांगण्याचा आपला अधिकार त्या संध्याकाळी संपला, असे त्यांना वाटत होते. डोंगरामागे सूर्य गेला, मुदत टळली, आणि व्यापाऱ्यांनी कोरी जागा असलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

लोक पांगल्यावर वैजयंती प्रशिक्षकांजवळ आली. “जास्त बोलले का, सर?”

“नाही,” ते म्हणाले. “मी त्यांना तुझी योग्यता दाखवत होतो. ती दाखवावी लागते, हेच मी मान्य केलं होतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही.”

तिने त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली आणि सामानाच्या खोलीचे कुलूप काढले.

आपल्या लाडक्या माणसाची किंमत आपण वाढवून सांगतो, तेव्हाही आपण किंमतच सांगत असतो.