प्रधानजींचा काटकोन

आईशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे घडली तेव्हा माझे पणजोबा रांगत होते, पण पाहिलीय.

टेंभगडच्या राजा भानजीरावाने हुकूम सोडला, राजमार्गावरच्या हत्तीखान्यापासून दक्षिणेला नवा रस्ता काढा, राजमार्गाशी अगदी काटकोनात! प्रधानजींनी नकाशा केला आणि रस्ता नेमका गिरजा कासारणीच्या घरावरून गेला. घर उद्या पाडायचं ठरलं.

गिरजा थेट दरबारात आली आणि गालिच्यावर बसली. "महाराज, हा काटकोन नाही."

"सगळा दरबार आहे म्हणतो आणि तू नाही म्हणतेस?" राजा चिडला. "मग दाखव सिद्ध करून. आत्ता, इथेच. दोरी नाही, काटकोन मापायचा गवंड्याचा गुण्या नाही, गालिच्यावरून उठायचंही नाही. चुकलीस तर घर पाडायला कुदळ तूच आणायची."

"एक चौरस पाट द्या, सरकार. आणि चिमूटभर रांगोळी."

पाटावर तिने सारख्या अंतराने आडवे-उभे ठिपके काढले. "मधला ठिपका हत्तीखाना. प्रधानजी, तिथून राजमार्ग कसा जातो?"

"तीन ठिपके पूर्वेला, दोन उत्तरेला."

तिने रेघ ओढली. "आणि तुमचा रस्ता?"

"तीन पूर्वेला, दोन दक्षिणेला. चढ होता, त्याचा उतार केला. झाला काटकोन. शास्त्र आहे हे, बांगड्या भरणं नव्हे."

दरबार खो खो हसला. दरबाराला पगार त्याचाच होता.

"शास्त्र मला कुठलं येतंय? मी आपली पाट फिरवते." तिने पाट उजवीकडे पाव फेरा, म्हणजे बरोब्बर काटकोनात, वळवला. रेघही फिरली. "आता मोजा, महाराज."

राजा वाकला. "दोन पूर्वेला... तीन दक्षिणेला?"

"चढाचा उतार केला, ते बरोबर. पण तीन-दोनचं दोन-तीन करायचं राहूनच गेलं."

"पाट नेमका पावच फिरला कशावरून?" प्रधानजी कडाडले.

"कड पुन्हा गालिच्याच्या काठाला लागलीय, बघा. आणि पाटाचे कोपरे सुताराने केलेत, तुम्ही नाही."

"मग खरा रस्ता जातो कुठून?" राजाने विचारलं.

"दर दोन ठिपके पूर्वेला गेलं, की तीन दक्षिणेला. शेवटपर्यंत हेच. वाटेत पहिलं काय लागतं, ते प्रधानजींनीच सांगावं."

प्रधानजींनी घाम पुसला. "माझा... दिवाणखाना."

"मग काळजी कसली? पायघड्या आयत्याच अंथरलेल्या आहेत."

राजा इतका हसला, की पागोटं मांडीवर पडलं. दिवाणखाना पाडला आणि त्याचे सागवानी दरवाजे गिरजाच्या घराला बसले.

यात राजाचं हसणं तेवढं मी पदरचं घातलंय. प्रधानजी राणीसाहेबांचे सख्खे भाऊ. हसायची छाती होती कुणाची?