निळी डबी, तांबडी डबी

एका गावात एक भोळा गवंडी राहायचा. नाव येदबा. भिंत बांधायचा सरळ ओळंब्यात, पण फरक म्हणून कशातला कळायचा नाही. त्याच्या बायकोनं, शेवंतानं, नवी नथ घातली तरी याला पत्ता नसायचा. ती रुसली तरीही नसायचा.

त्यांच्या लग्नाची फिल्म फोटोवाल्यानं नव्या तऱ्हेच्या डिस्कवर दिली. म्हणे चित्रात कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. अशा डिस्क काढणाऱ्या कंपन्या दोन. एकीची डबी निळी, दुसरीची तांबडी. निळीची डिस्क तांबड्या प्लेअरमध्ये चालत नाही, तांबडीची निळ्यात चालत नाही.

शेवंता म्हणाली, "ही डिस्क दुकानात दाखवा आन् हिला चालंल तो प्लेअर आणा. नीट डब्यात घालून न्या."

"बरं. लक्षात ठेवतो."

येदबानं डिस्क नीट डब्यात घातली. जेवणाच्या. चटणी-भाकरीवर.

दुकानदारानं विचारलं, "डबी कुठल्या रंगाची?"

"स्टीलची."

"स्टीलचा प्लेअर अजून निघाला न्हाई, पाव्हणं." त्यानं दोन टीव्हींवर दोन्ही प्लेअर लावून दाखवले. "दिसतोय फरक?"

"न्हाई."

"जवळ जाऊन बघा."

येदबानं काचेला नाक टेकवलं. "आता काचंवर नाकाचा डाग दिसतोय."

मग त्यानं डबा उघडला. डिस्क चटणीनं माखलेली. "बघा की, तांबडीच हाय!" तो तांबडा प्लेअर घेऊन घरी आला.

डिस्क काही चालेना. शेवंतानं ती पुसली आणि कपाटातली निळी डबी त्याच्यापुढं आपटली. "डबीचा रंगसुदिक बघवला न्हाई? माझ्याकडं तरी कधी बघितलंत? मी चालले माहेरी. फरक दिसाया लागला की न्यायला या."

निळी साडी नेसून ती गेली. तिसऱ्या दिवशी येदबाला घर खायला उठलं. चूल थंड, अंगण गप्प. त्याला रडूच आलं.

तो निळी डबी आणि तांबडा प्लेअर घेऊन दुकानात गेला. दुकानदारानं कपाळाला हात लावला, तांबड्याच्या बदल्यात निळा प्लेअर दिला आणि समजावलं, "डिस्क कडंनं धरायची, मधी बोट लावायचं न्हाई. आन् डबीचा रंग बघायचा, आत काय हाय ते बघत बसायचं न्हाई."

"बरं. लक्षात ठेवतो."

डिस्क आणि प्लेअर घेऊन येदबा मोटारसायकलवरून सासुरवाडीला पोचला. सासूबाईंनी थालीपीठ वाढलं. गोल, आणि मधे भोक. येदबानं ते कडेकडेनं खाल्लं आणि मधलं तसंच ठेवलं.

"मधी कच्चं ऱ्हायलं का, जावईबापू?"

"न्हाई. मधी बोट लावायचं न्हाई."

मग डिस्क लावली. चालली! शेवंता दाराआडून म्हणाली, "दिसतोय का काही फरक?"

येदबानं खूप वेळ बघितलं. "दिसतोय. हितं तू हसतीयास. घरी हसत न्हाईस."

शेवंता डोळे पुसत म्हणाली, "भाईर थांबा. आवरून आले."

आता सासूबाईंना होता मोतीबिंदू. त्यांना तालुक्याला डॉक्टरकडं न्यायला त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन येणार होता. तालुक्याला जायचं म्हणून शेवंतानं त्यांना आपली निळी साडी दिली होती. डोक्यावर पदर घेऊन त्या बाहेर आल्या. "आलास व्हय रं?" म्हणाल्या आणि मोटारसायकलवर बसल्या.

बायको लाडानं 'रं' म्हणाली, येदबाला फार बरं वाटलं. त्यानं साडीचा रंग तेवढा बघितला आणि गाडी थेट घरी आणली.

सासूबाई उंबरा चाचपडत म्हणाल्या, "डॉक्टर बसल्यात का रं?" तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी पिशवी घेऊन दारात उभी हाय! कुणाला नेलंत?"

"तुलाच की. निळी साडी."

"ती आईला दिली! मी तांबडी नेसलीया. तोंड बघितलं न्हाई व्हय?"

"आत बघत बसायचं न्हाई, दुकानदारानं सांगितलंय." मग येदबा काळजीनं म्हणाला, "पर शेवंते, तू तांबडी कशापायी झालीस गं? मी तर प्लेअर निळा आणलाय. आता तू आपल्या घरात चालायची कशी?"