ऐवळ्याचं घर कुठं आहे?

"पण मी कधी कुणाची जात विचारली का, महाराज? सांगा ना!"

जयवंतरावांचा आवाज मठाच्या ओसरीवर चढला होता. बेदाण्याच्या शेडचे मालक, निर्गुणमहाराजांचे जुने शिष्य. शिष्यपणाचाही त्यांना जरा तोराच होता.

आज राग होता मारुती ऐवळेवर. पहिल्या हंगामापासून हा माणूस बेदाणा निवडतोय. त्याच्या मागून आलेले मुकादम झाले, दुप्पट पगार घ्यायला लागले. सोमवारी त्यानं भर शेडमध्ये विचारलं, "मालक, मुकादमकी दरवेळी तुमच्याच भावकीत कशी जाते?" त्यानंतर तो कामावर आलेला नव्हता.

"माझं दार सगळ्यांना उघडं आहे," जयवंतराव म्हणाले.

"मुकादमाची मागची जागा कशी भरलीस?"

"भरली कसली, भरून गेली. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला जेवताना विषय निघाला. पाहुण्यांतला एक पोरगा शेजारीच बसलेला. तिथंच ठरलं."

"ऐवळे होता जेवायला?"

जयवंतरावांना हसू आलं. "तो कसा असेल?"

महाराज हसले नाहीत.

"मग त्याला जागेचं कधी कळलं?"

"नवा मुकादम आला तेव्हा..." जयवंतराव अडखळले, आणि लगेच उसळले. "पण त्यानं आधी मागायची होती ना!"

मागायची म्हणे! जागा रिकामी झाल्याचं ज्याच्या कानावरच आलं नाही, त्यानं ती मागायची कशी? एवढा व्यवहारी माणूस, पण त्याला हे सुचलं नाही.

"आता रुसून घरी बसलाय. उद्या नावच कमी करतो त्याचं."

महाराज ताडकन उठले. जयवंतरावांनी पुढ्यात ठेवलेला नारळ त्यांनी उचलला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

"रुसून? सोमवारी रात्री आई गेली त्याची. मी खांदा दिला तिला."

"मला कुणी सांगितलंच नाही, महाराज."

"मुकादमाला ठाऊक होतं?"

"नाही... आमच्यातल्या कुणालाच नव्हतं."

नारळ हातात घेऊन जयवंतराव तसेच उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी जाऊन येतो त्याच्याकडं. घर कुठं आहे त्याचं?"

महाराज आत निघाले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"विचार की तुझ्या माणसांना. त्यांना तर सगळं आधीच कळतं."