सात रोपांच्या नांग्या

नदीकाठच्या एका गावाने तीस वर्षे पपईवर संसार चालवले. मग पपईला रोग लागला. आधी शेंड्याची पाने आक्रसली, मग फळांवर गोल गोल वळी उठली, आणि बघता बघता बागा बसल्या. डोळ्यांना न दिसणारा एक विषाणू माव्याच्या किड्यांबरोबर झाडोझाडी फिरत होता. त्याच्यावर औषध नव्हते.

गावाच्या वेशीबाहेर एक संशोधन केंद्र होते. तिथे डॉ. हेमलता पोतनीस नऊ वर्षे या एकाच विषाणूचा पिच्छा पुरवत होत्या. त्याच्या जनुकांतला एक लहानसा तुकडा त्यांनी पपईच्या रोपात बसवला होता. तो तुकडा अंगात असला की रोप विषाणूला आल्या आल्या ओळखेल आणि वाढू देणार नाही, असा त्यांचा कयास होता.

केंद्रातली रोपे तान्हाबाई सांभाळत असे. बावीस वर्षे ती हेच काम करत होती. तिच्या हातचे रोप मरत नाही असे सगळे म्हणत, आणि खरे सांगायचे तर तिलाही ते ऐकायला फार आवडे. आपल्याला एखादी गोष्ट चांगली येते म्हणून माणूस थोडा फुशारला, तर बिघडले कुठे? पण कौतुकाची चटक वाईट. ती माणसाला कधी गोत्यात आणेल, सांगता येत नाही.

शेवटची चाचणी जाळी लावलेल्या घरात होती. एका ओळीत नवी चाळीस रोपे, शेजारी जुन्या वाणाची चाळीस. दोन्ही ओळींवर रोगट मावा सोडला होता.

"तान्हाबाई, ही जुनी ओळ वाचवायची नाही," डॉक्टरबाईंनी बजावले. "ती आजारी पडेल, पडू दे. तिच्याकडे बघूनच नवीचा दम कळणार आहे."

"हातानं वाढवायची आन् डोळ्यांदेखत मरू द्यायची व्हय?" तान्हाबाई म्हणाली. पण तिने ऐकले. नव्या ओळीबद्दल मात्र बाई काहीच बोलल्या नाहीत. ती आजारी पडेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

मग त्या महिनाभर परगावी गेल्या. जुनी ओळ ठरल्याप्रमाणे मान टाकू लागली. तान्हाबाई तिला पाणी घालताना तोंड फिरवून उभी राही. आणि एका सकाळी तिला दिसले की नव्या ओळीतल्या, दाराजवळच्या सात रोपांचेही शेंडे आक्रसले आहेत.

तिला वाटले, मावा तर या रोपांचे काही करू शकत नाही, म्हणजे हे आपल्याच हाताने झाले. जुन्या ओळीत हात घालून आपण तसेच नव्या ओळीला लावले असतील. आता बाई काय म्हणतील? लोक काय म्हणतील?

त्या भागात एक रीत होती. रोप मेले की ओळीत जी मोकळी जागा पडते, तिला नांगी म्हणतात. चांगली कामकरीण नांगी ठेवत नाही. मेलेले उपटते, त्याच वयाचे दुसरे लावते, ओळ भरून काढते. तान्हाबाई आठ वर्षांची असल्यापासून हेच करत आली होती. तिने सातही रोपे उपटली, छपरामागे खड्डा करून पुरली. नव्या वाणाची जास्तीची रोपे पिशव्यांत वाढवून ठेवली होती, त्यांतली सात लावली आणि त्यांना त्याच क्रमांकांच्या चिठ्ठ्या बांधल्या. आपण खोटे काही केले असे तिला वाटले नाही. आपली चूक आपण निस्तरली, एवढेच वाटले.

डॉक्टरबाई परतल्या, त्यांनी ओळ मोजली आणि त्यांचे डोळे भरून आले. चाळीसच्या चाळीस धडधाकट होती.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या अंगणात सभा भरली. शहरातून तज्ज्ञ मंडळी आली, बियाणे वाटायला परवानगी देणारे मोठे साहेब आले. गावातले बागायतदार आले, त्यांत तान्हाबाईचा धाकटा भाऊ केरबाही होता. त्याने या बियाण्याच्या भरवशावर उरलेली दोन एकर नांगरून ठेवली होती. तान्हाबाईला हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरबाई उठून म्हणाल्या, "चाळीसपैकी एकही रोप आजारी पडले नाही. एक जरी पडले असते, तरी ते का पडले हे शोधल्याशिवाय मी इथे उभी राहिले नसते."

तेव्हा तान्हाबाईला कळले, आपण काय करून बसलो ते.

कुणी पाहिले नव्हते. सातही रोपे मातीत होती. तोंडाला कुलूप लावले असते तर तिचे नाव राहिले असते, हार राहिला असता, भावाच्या तोंडावरचे हसू राहिले असते. मोठे साहेब परवानगीच्या कागदावर सही करायला पेन उघडत होते. तिने भावाकडे पाहिले. मग गळ्यातला हार काढून ती उभी राहिली.

"मॅडम, चाळीस न्हाईत. तेहतीस हायत."

तिने सगळे सांगितले. मग केरबाच ओरडला, "अक्का, गप बस की! सात रोपांनी काय व्हतंय?"

"सात माझ्यापुढं गेली, केरबा. तुझ्या रानात किती जातील, सांग मला."

साहेबांनी पेन मिटले. डॉक्टरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना राग आला होता, का येऊ नये? नऊ वर्षे गेली होती. पण त्या एवढेच म्हणाल्या, "खड्डा दाखव."

पाने कुजली होती, पण खोडांच्या गाभ्यात अजून जीव होता. त्यांनी तो तपासला. दाराजवळच्या जाळीला बोटभर भोक होते. त्यातून बाहेरचा मावा आत आला होता आणि त्याने गावच्या बागांतला विषाणू आणला होता. तो थोडा बदललेला होता. रोपात बसवलेला तुकडा त्याला ओळखतच नव्हता. तान्हाबाईच्या हाताचा त्यात काही दोष नव्हता. पण ते बियाणे त्या साली वाटले असते, तर गावाने उरलेली रानेही घालवली असती.

पुन्हा काम सुरू झाले. तीन वर्षे लागली. केरबाने त्या दोन एकरांत ज्वारी पेरली. तिन्ही भाऊबीजांना तो ओवाळून घ्यायला आला नाही. तिन्ही वेळा तान्हाबाईने ताट तयार केले आणि संध्याकाळी तसेच उचलून ठेवले. तिला फार लागले, पण आपण बोललो ते चुकले असे तिला एकदाही वाटले नाही.

चौथ्या वर्षी नव्या बियाण्याला परवानगी मिळाली. वाटपाच्या दिवशी लांबलचक रांग लागली. केरबाही आला. तो डॉक्टरबाईंकडे गेला नाही, मोठ्या साहेबांकडेही नाही. बियाणे वाटायला बसलेल्या बहिणीसमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"अक्का, चाचणीत किती मेली?"

"चारशेत दोन. मुळं कुजून. उपटली न्हाईत, तशीच दावली मॅडमना. त्या जागा अजून मोकळ्या हायत, बघून ये."

केरबा बघायला गेला नाही. त्याने ओंजळ पुढे केली.

"मग दे."

तात्पर्य: ओळ भरलेली दिसावी म्हणून अपयशाची जागा बुजवू नये; नाव गेले तरी ती जागा उघडी दाखवावी, कारण लोकांचा भरवसा तिथेच रुजतो.