अस्वलाची फेसाळी

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट जंगलात एक हौशी अस्वल राहत असे. बाकीची अस्वले मध खातात आणि झोपतात. याला मात्र पोट भरल्यावरही काहीतरी करून पाहायची खुमखुमी असे. रानातला सावा, म्हणजे एक बारीक धान्य, भिजवायचा, त्याला मोड आणायचे, ते मोड उन्हाने तापलेल्या कातळावर वाळवायचे, मग कुटून पाण्यात कालवायचे आणि वाळक्या भोपळ्यांत आंबवत ठेवायचे, हा त्याचा छंद. त्यातून जे फेसाळ, आंबूस पेय निघे त्याला माणसे बिअर म्हणतात. जंगलात तिचे नाव होते फेसाळी. बाळांनो, फेसाळी हा मोठ्यांचा मामला आहे, तेव्हा तिची चव कशी असते हे मला विचारू नका. आपल्याला काम आहे ते भोपळ्यांशी. त्या भोपळ्यांनी जे केले ते आठवले, की अजूनही माझ्या छातीत धडधडते.

त्या जंगलाची एक रीत होती. पळस फुलला की सगळ्यांनी मोठ्या अर्जुनाच्या झाडाखाली वनभोजनाला जमायचे आणि प्रत्येकाने आपल्या हातचे काहीतरी आणायचे. अस्वल दरवर्षी फेसाळी नेई. सगळे द्रोण तोंडाला लावत आणि म्हणत, "छान आहे हो!" तेवढ्यावर अस्वल फुलून जाई. पण एका वर्षी उष्टे द्रोण गोळा करता करता त्याचे लक्ष सांबराकडे गेले. सांबर "छान आहे हो" म्हणत हळूच झाडाआड सरकले आणि त्याने अख्खा द्रोण मुळाशी ओतून दिला. अस्वल धावत तिथे गेले. पाहते तो काय, तिथल्या मातीचा चिखल झालेला! एकट्या सांबराच्या द्रोणाने एवढा चिखल होत नाही. म्हणजे इतकी वर्षे सगळेच ओतत होते! अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रिकामे भोपळे पाठीवर टाकून ते घरी आले. वाटेतच त्याने ठरवले, की पुढच्या पळसाला अशी फेसाळी करायची, की एक थेंबही मुळाला मिळता कामा नये.

आणि खरे सांगतो, त्या वर्षी अस्वलाने जे कष्ट उपसले त्याला तोड नव्हती. आधी त्याने जुन्या भोपळ्यांत नाक खुपसून पाहिले. आतून असा कुबट वास आला, की त्याला स्वतःचीच किळस वाटली. इतकी वर्षे ते भोपळे नुसते विसळून घेत होते! मग त्याने डोंगरापलीकडच्या गरम झऱ्यावर नेऊन ते वाळूने घासले, कढत पाण्याने खळखळून धुतले. सावा थोडा जास्त तापू दिला, तेव्हा त्याला खमंग वास आला. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची आणि चाखून बघायचे, असा त्याने नेमच धरला. सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे बोरूची नळी. भोपळ्याच्या तोंडाला बूच, बुचात पोकळ बोरू आणि बोरूचे दुसरे टोक पाण्याच्या द्रोणात. आतला वायू बुडबुडत बाहेर पडे, पण बाहेरची घाण आत जात नसे. बुडबुडे थांबले, की आंबणे संपले. त्यानंतरच भोपळा बंद करायचा. ही रीत अस्वलाने स्वतःच शोधली होती, हे विसरू नका. म्हणूनच तर मला पुढचे सांगताना जास्त राग येतो.

अस्वलाच्या शेजारी एक पिसोरी राहत असे. पिसोरी म्हणजे सशाएवढे, अंगावर पांढरे ठिपके असलेले इवलेसे हरीण. पान हलले तरी तिचा जीव वरखाली होई. तिला एकुलते एक पाडस होते. सकाळी चरायला जाताना ती पाडसाला अस्वलाच्या गुहेत सोडून जाई, कारण त्या गुहेच्या वाऱ्यालाही वाघ उभा राहत नसे. भोपळ्यांत सावा आंबू लागला, की ते चांगले उबदार होत. पाडस त्यांनाच पाठ लावून निजे. अस्वलाला त्याचे फार कौतुक होते. त्याची झोप मोडू नये म्हणून ते एवढे धूड गुहेत चवड्यांवर चाले.

त्या वर्षी थंडी लवकर सरली आणि पळस भलताच लवकर फुलला. वनभोजन दोन दिवसांवर आले आणि अस्वलाचे भोपळे अजून बुडबुडतच होते! त्याचे धाबे दणाणले. ते एका भोपळ्यासमोरून दुसऱ्यासमोर जाई आणि द्रोणातले बुडबुडे बघून कपाळ बडवून घेई. तेवढ्यात त्याच्या ओळखीची, अंगभर काटे असलेली म्हातारी साळू तिथे आली. तिने भोपळ्याला कान लावला.

"अरे, याचं पोट अजून गुडगुडतंय," साळू म्हणाली. "याला अजून वेळ लागणार."

"गुडगुडतंय म्हणजे भूक लागली असेल त्याला," अस्वल म्हणाले. "मावशी, मी आता यात मध घालतो आणि नळ्या काढून टाकतो. हा सगळा फेस फुकट बाहेर चाललाय. तो आतच कोंडला, की द्रोणात कसा उसळेल बघ!"

साळूचे काटे ताठ झाले. "अरे, ज्याचं पोट गुडगुडतंय त्याला आणखी खाऊ घालून तोंड बांधतोस? तूच तर नळीची रीत शोधलीस ना?"

"एवढ्या एका वेळेपुरतं गं! परवा सगळे झाडाखाली बसतील. रिकाम्या हाताने जाऊ? म्हणजे मग सांबराला ओतायचेसुद्धा कष्ट नकोत!"

"मग पाडसाला तरी इथे निजवू नकोस."

अस्वल हसले. "मावशी, माझ्या गुहेत त्याला काय होणार आहे? वाघसुद्धा इथे फिरकत नाही."

साळू पुटपुटत निघून गेली. अस्वलाने प्रत्येक भोपळ्यात ओंजळ ओंजळ मध ओतला, नळ्या उपसून फेकल्या, बुचांवर मेण थापले आणि वरून वाखाच्या दोराने करकचून आवळले. बुडबुड थांबली. गुहेत एकदम शांत झाले. ती शांतता अस्वलाला फार आवडली.

वनभोजनाच्या दिवशी सकाळी पिसोरी नेहमीप्रमाणे पाडसाला सोडून गेली. "दादा, आज जरा लांब जाते हं," ती म्हणाली. "जा गं ताई, निर्धास्त जा," अस्वल म्हणाले. पाडस भोपळ्यांच्या उबेला जाऊन निजले. एका भोपळ्यावरचे मेण टेंगळासारखे वर आले होते. अस्वलाने ते पाहिले, अंगठ्याने दाबून परत बसवले आणि द्रोणांसाठी पाने आणायला ते ओढ्यावर गेले. पाहिले होते बरं का त्याने! दिसले नाही, असे नाही.

ते पाने खुडत होते आणि मागे धडाम् असा आवाज झाला. अस्वलाने वर पाहिले. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. वानरे किंचाळत शेंड्यांवर पळाली. पुन्हा धडाम्! आणि लगेच आणखी एक! तेव्हा कुठे अस्वलाच्या ध्यानात आले, की आवाज आपल्या गुहेतून येतो आहे. त्याच्या हातातली पाने गळून पडली. ते चारी पायांवर असे धावत सुटले, की वाटेतल्या काटेरी जाळ्यासुद्धा त्याला जाणवल्या नाहीत.

गुहेच्या तोंडाशी येऊन ते थिजले. आत सगळीकडे फेसच फेस होता. छतावरून फेसाळी टपटप गळत होती. भोपळ्यांची शकले भिंतीच्या भेगांत अशी रुतली होती, जणू कोणी ठोकून बसवली. आणि जिथे पाडस निजत असे तिथे नुसता चिखल होता.

"पाडसा!" अस्वलाने हाक मारली. "अरे, माझ्या राजा!"

मागे पावले वाजली. आवाज ऐकून पिसोरी धावत परत आली होती.

"दादा, माझं लेकरू कुठाय?"

तेवढ्यात गुहेच्या कोपऱ्यातून सूं असा बारीक आवाज आला. एक भोपळा अजून शाबूत होता. त्याच्या बुचातून फेसाची तार उडत होती आणि त्याच्या शेजारी, भिंतीला चिकटून, पाडस उभे होते. डोळे विस्फारलेले, एका कानातून रक्त ओघळत होते. भीतीने त्याला पाऊल उचलवत नव्हते.

अस्वलाने झेप घेतली. पाडसाला पोटाशी घेऊन त्याने भोपळ्याकडे पाठ केली, आणि त्याच क्षणी भोपळा फुटला. पाठीत शकले घुसली. अस्वल कळवळले, पण त्याने मिठी सोडली नाही. पाडसाला तसेच उचलून त्याने बाहेर आणले आणि पिसोरीपुढे ठेवले.

पाडसाचा कान मधोमध फाटला होता. पिसोरी कितीतरी वेळ तो कान चाटत राहिली. ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून अस्वल मान खाली घालून उभे होते. ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "दादा, तुमच्या गुहेत वाघ येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते." मग पाडसाला पुढे घालून ती निघून गेली. त्या वर्षी अस्वल वनभोजनाला गेले नाही.

पुढच्या वर्षी अस्वलाने पुन्हा फेसाळी केली. या खेपेला सगळे रीतीने. बुडबुडे थांबेपर्यंत ते दुसऱ्या, रिकाम्या गुहेत भोपळ्यांपाशी एकटेच बसून राहिले, आणि बूच लावायला त्याने मुळीच घाई केली नाही. वनभोजनाला द्रोण वाटले गेले. सांबराने एक घोट घेतला आणि चकित होऊन द्रोणाकडे पाहिले. मग द्रोण चाटूनपुसून त्याने पुन्हा पुढे केला. "अस्वला, अरे, ही तूच केलीस?" वानरे तर आपसांत भांडायला लागली. अस्वलाने झाडामागे जाऊन पाहिले. मुळाशी माती कोरडी ठणठणीत होती.

ते परत वळले तर समोर पिसोरी उभी. शेजारी तिचे पाडस होते. ते आता अंगाने भरले होते, कान मात्र तसाच दुभंगलेला. अस्वलाने द्रोण पुढे केला. पंगतीत कोणी दिलेले नाकारू नये, म्हणून पिसोरीने तो घेतला, जेमतेम ओठांना लावला. "छान आहे हो, दादा," ती म्हणाली. मग पाडसाला अस्वलाच्या सावलीतून बाजूला घेत ती झाडाआड गेली आणि तिने द्रोण मुळाशी ओतला. अस्वलाने ते पाहिले. त्या फेसाळीत या वेळी काहीही उणे नव्हते.

तात्पर्य : हौस करावी ती स्वतःच्या जिवावर, दुसऱ्याच्या नव्हे; बिघडलेली चव सुधारता येते, पण उडालेला विश्वास परत येत नाही.