धाकू मिस्त्रीचं काळं तेल

फार वर्षांपूर्वी, धरणाखाली गेलेलं सातेवाडी अजून उन्हात होतं, तेव्हा तिथं धाकू मिस्त्री राहायचा. पिठाची गिरणी, भाताची गिरणी, नदीवरचे पंप, गावातली सगळी इंजिनं त्याच्याच हाताखालची. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा, असं म्हणतात.

त्या वर्षी धरणाचं पाणी सांगितल्यापेक्षा महिनाभर आधी चढलं. रस्ता बुडाला आणि चाळीस घरं अडकली. गावाची एक जुनी लाँच होती, पण तिच्यात चार फेऱ्यांपुरतंच डिझेल होतं.

धाकूनं गावातल्या सगळ्या इंजिनांतलं काळं, जळकं ऑइल काढून घेतलं. गावातली सगळ्यात म्हातारी बायजा मावशी म्हणाली, "धाकू, हे मेलेलं तेल. ह्याच्यावर काय चालणार?"

"मेलं नाही मावशी, दमलंय. जरा निवांत बसू द्या त्याला."

तीन दिवस त्यानं ते पिंपात ठेवलं. गाळ तळाला बसला. वरचं तेल त्यानं तापवून त्यातलं पाणी उडवलं. मग वारलेल्या बायकोचं उरलेलं एकच लुगडं काढलं, त्याच्या सात घड्या केल्या, त्यांतून तेल गाळलं आणि डिझेलमध्ये बेतानं मिसळलं.

लाँच चालली. असं म्हणतात, तिच्या काळ्या धुराला गिरणीतल्या ताज्या पिठाचा वास येत होता, आणि माणसं मागं बघून रडत होती.

शेवटच्या फेरीला बायजा मावशी उंबऱ्यावरून उठेना. धाकू इंजिन चालू ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसला. पाणी पायाला लागलं, तेव्हा तीच म्हणाली, "चल रे."

सगळी माणसं वाचली, पण धाकूला नव्या गावात करमेना. रोज तो लाँच घेऊन मधल्या पाण्यावर जायचा आणि खाली बघत बसायचा. एका दुपारी लाँच एकटीच परत आली. टाकी कोरडी ठणठणीत, तरी इंजिन चालू होतं, असं म्हणतात. धाकू कुणाला सापडला नाही.

आजही नव्या सातेवाडीत चैत्रात पाणी उतरलं की लोक लाँचनं मधल्या पाण्यावर जातात. निघताना धाकूच्या नावानं वाटीभर गाळलेलं जुनं ऑइल टाकीत ओततात. तिथं पोचल्यावर जो तो आपल्या बुडालेल्या घराला नावानं हाक मारतो. त्या-त्या वर्षी गावात आलेली नवी सून पाण्यात हात घालते आणि सासूला हळूच विचारते, "आत्याबाई, आपलं दार कुठल्या अंगाला होतं?"