धुरपाची सोबत

पांगरखोऱ्यात गाडीवाट नव्हती आणि नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या आज्यानंही धुरपाला पाहिलेलं नाही. पण खोऱ्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, ती कोण होती ते तो सांगेल.

धुरपा पाळण्यात होती तेव्हाच तिची आई गेली. बाप डोंगरापलीकडे कामाला गेला तो परतलाच नाही. गाव वाईट नव्हतं. गावानं ठरवलं, पोरगी सगळ्यांची. आज या घरी, उद्या त्या घरी, अशी ती वाढली. तिला कुणी उपाशी ठेवलं नाही की उघडं ठेवलं नाही. पण आज ज्या हातांनी उचललं, ते हात दुसऱ्या दिवशी नसायचे. धुरपा उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली. मोठी झाल्यावर गावच्या म्हशी राखू लागली, गावाच्या कडेला लहानशा घरात एकटीच राहू लागली. बाई दगडाची आहे, असं लोक म्हणायचे. तिच्या कानावर ते यायचं, आणि तिलाही ते खरंच वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात खोऱ्यात पटकीची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली. पाटलानं विचार केला, तान्ही पोरं वाचवायची तर आजारी आयांपासून लांब न्यायला हवीत. नदीपल्याड माळावर त्यानं मोठं खोपट बांधलं आणि अंगावर पिणारी सगळी पोरं तिथं नेऊन ठेवली. त्यात त्याचा स्वतःचा नातू होता. सगुणा कोष्टिणीची हौशीही होती, नुकतीच रांगू लागलेली. राखायला बसवलेल्या म्हाताऱ्या भेदरलेल्या होत्या. बोंडल्यानं दूध पाजायच्या, फडकी बदलायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. म्हशींचं दूध पोचवायचं काम धुरपाकडे आलं, कारण तिच्या जिवाचं काही झालं तर रडणारं कुणी नव्हतं.

सुरुवातीला खोपटातून रडण्याचा असा कल्लोळ उठायचा की नदीअल्याड आया अंथरुणात तळमळायच्या. हळूहळू रडणं कमी झालं. मग थांबलंच. गावाला वाटलं, पोरं रुळली. धुरपा रोज आत जात होती, तिला वेगळंच दिसत होतं. पोरं आढ्याकडे बघत पडून असायची. कुणी जवळ गेलं तरी मान वळवायची नाहीत. दूध पोटात जात होतं, अंगी लागत नव्हतं. हौशी रांगायचं विसरून गेली होती. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं करणी. अंगारे लावून झाले. पटकी न होताच एक पोर गेलं.

एका सकाळी धुरपा दुधाची कासंडी ठेवायला वाकली आणि तिच्या पदराचं टोक हौशीच्या हाताला लागलं. मूठ मिटली. धुरपानं ओढून पाहिलं, सुटेना. तिला माया आली असं काही नव्हे; तिला म्हशी सोडायची घाई होती. तिनं पोरगी उचलली, पदरानं पोटाशी बांधली आणि तशीच रानात गेली.

दिवसभर हौशी हू की चू न करता पोटाशी राहिली. दिवस कलताना धुरपा तिला परत खोपटात ठेवायला वाकली, तशी हौशी रडली. असं म्हणतात की त्या रडण्यानं पांगाऱ्यावरचे बगळे उडाले, तिन्ही डोंगरांत ते घुमलं, आणि खोपटातलं एकेक पोर त्याला साथ देऊ लागलं. नदीअल्याड पटकीनं निपचित पडलेली सगुणा उठून बसली, असंही म्हणतात.

धुरपानं हौशीला खाली ठेवलं नाही. ती तशीच पाटलाकडे गेली.

"पोरं रडाय लागली, पाटील."

"भूक लागली असंल," पाटील म्हणाला.

"भूक न्हवं. माझं बी प्वाट रोज भरलं हुतं. त्येवढ्यानं भागत न्हाई."

"मग काय करावं म्हन्तीस?"

"एका पोराला एक मानूस द्या. रोज त्योच."

पाटलानं रोगाची भीती बोलून दाखवली. शिवाशिव झाली तर पोरंही जातील आणि राखणारी माणसंही. धुरपा जागची हलली नाही. पाटील उठून नदीवर गेला. मग पाण्यात उतरला, पल्याड गेला, डोक्याचा पटका सोडला आणि नातवाला छातीशी बांधून बाहेर आला. त्याच्यामागून गावातली धडधाकट माणसं गेली. विधवा गेल्या, म्हातारे गेले, तालमीतला एक पैलवानही गेला. त्या वर्षी पांगरखोऱ्यात नांगरामागचा माणूससुद्धा छातीशी पोर बांधून चालत होता.

कधीच बाळंत न झालेल्या धुरपाला पान्हा फुटला, असं म्हणतात. कुणी मानतं, कुणी मानत नाही. पण हौशी रांगू लागली, धरून उभी राहू लागली, आणि सगळ्या जन्मात बोलली नव्हती एवढं धुरपा तिच्याशी बोलली.

पावसाबरोबर पटकी ओसरली. सगुणा वाचली होती, तिचा नवरा मात्र गेला होता. केस झडलेली, हाडांचा सापळा झालेली ती धुरपाच्या दारात आली आणि तिनं हात पुढे केले. हौशीनं आईला ओळखलं नाही. तिनं धुरपाच्या मानेत तोंड खुपसलं आणि आकांत मांडला. सगुणा मटकन खाली बसली.

लोक म्हणाले, घेऊन जा बाई, थोडे दिवस रडेल आणि विसरेल. धुरपाला ठाऊक होतं, विसरणं कसलं असतं ते. पोर ठेवून घ्यावी असंही तिच्या मनात आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं म्हणून होतं. 

"हिला नेऊ नगंस," ती शेवटी म्हणाली.

सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला.

"तूच हितं ऱ्हा. ती आपल्या पायानं तुझ्याकडं येस्तोवर."

सगुणा राहिली. आधी ती नुसती लांब बसून सूत उकलायची. मग धुरपा भरवायची तेव्हा शेजारी बसून गुणगुणायची. मग सगुणा भरवू लागली आणि धुरपा शेजारी बसू लागली. पावसाळा सरता सरता एका सकाळी हौशी अंगणात ठेचकाळून पडली. दोघीही पुढे धावल्या. हौशीनं दोघींकडे पाहिलं आणि ती सगुणाकडे गेली.

धुरपानं पुढे केलेले हात खाली घेतले. म्हशी सोडल्या आणि ती रानात गेली. त्या दिवशी म्हशी चरल्याच नाहीत, तिच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या, असं म्हणतात. दिवस मावळता ती परतली, तेव्हा सगुणा आपला माग धुरपाच्या ओसरीवर मांडत होती. आपल्या घरी ती पुन्हा गेलीच नाही. हौशी दोघींनाही आई म्हणत मोठी झाली.

पांगरखोऱ्यात आजही मूल कुणाच्या कडेवरून ओढून घेत नाहीत. दत्तक द्यायचं असो, घरात नवी आई आलेली असो, की आईला ऊसतोडीला जायचं म्हणून ते मावशीकडे राहायचं असो, नव्या माणसानं आधी जुन्या घरी मुक्काम करायचा आणि मूल आपणहून येईपर्यंत थांबायचं. याला धुरपाची सोबत म्हणतात. खोऱ्यात अंगणवाडी निघाली तेव्हा बाहेरगावच्या ताईंना नवल वाटलं. पोरांना सोडून आया घरी जाईनात. मागच्या भिंतीशी बसून तांदूळ निवडत राहिल्या. ताईंनी आधी समजावलं, मग रागावून पाहिलं, मग कुणीतरी त्यांना ही गोष्ट सांगितली. आता दर जूनमध्ये खडू-पाट्या काढायच्या आधी ताई त्या भिंतीशी सतरंजी अंथरतात.